तीन लांब शिट्ट्या

"साहेब, हा माणूस मेला," रसिका बोबडे म्हणाली.

ज्याच्याबद्दल ती बोलत होती तो पुंजाराम खंडारे आमच्यापुढे उभा राहून बाहीनं घाम पुसत होता. डाव्या खांद्यावर चाकासारखा गुंडाळलेला पाइप, उजव्या काखेत पितळी ब्रँच, आणि धुरानं काळवंडलेल्या तोंडावर पहिल्या नंबराचं हसू. ब्रँच म्हणजे पाइपच्या तोंडाला बसवायची नळी, जिच्यातून पाण्याची धार सुटते. खंडाऱ्याची ब्रँच तीन नंबरची. दर शनिवारी तो ती चिंच लावून घासायचा. त्याच्या घरच्या देवांच्या वाट्याला एवढी चिंच येत नसावी.

"मेला?" मी हातातलं घड्याळ तिच्यापुढे धरलं. "एक मिनिट चाळीस सेकंद. जिल्ह्यात कुणाला जमत नाही हे."

"शिट्टी वाजल्यापासून तो बारा सेकंदांत दारात येऊ शकला असता, साहेब. बाकीचा वेळ त्यानं पाइप गुंडाळण्यात घालवला. छप्पर एवढा वेळ थांबत नाही."

खंडारे हसायला लागला. "टाकून कसा येऊ मॅडम? सरकारी सामान हाय थे. अन ब्रँच त पितळी हाय. हरपली त सायेब मले जित्ता ठेवतीन का?"

रांगेत उभी असलेली माणसं हसली. मीही हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

मार्चची दुपार होती. आमच्या अग्निशमन केंद्राच्या मागच्या मैदानात एक जुनं कोठार होतं. त्यात ओली पोती पेटवून आम्ही धूर करायचो आणि माणसांना पाइप घेऊन आत पाठवायचो. थोड्या वेळानं मी बाहेरून तीन लांब शिट्ट्या द्यायचो. तीन लांब शिट्ट्या म्हणजे असाल तिथून, असाल तसे बाहेर या. पुस्तकात एवढंच लिहिलेलं आहे. त्याच्या पुढचं मी जोडलं होतं.

त्याचं कारण अकरा वर्षं जुनं होतं. एका तेलगिरणीच्या आगीत आमची एक ब्रँच आत राहून गेली. ढिगाऱ्यात वितळली असेल, नाहीतर कुणी उचलून नेली असेल. माणसं सगळी सुखरूप बाहेर आली होती, पण त्याबद्दल मला वरून एका ओळीचं पत्र आलं नाही. ब्रँचबद्दल मात्र तीन वर्षं पत्रं येत राहिली. खुलासा सादर करा. खुलासा असमाधानकारक आहे. पुन्हा सादर करा. तीन वर्षं मी कागदी घोडे नाचवले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो.

तेव्हापासून आमच्या केंद्रात शिट्टी वाजली की बंबावरचा माणूस आधी पाणी बंद करायचा, म्हणजे पाइप सैल पडायचा आणि आतल्या माणसाला तो गुंडाळता यायचा. मग त्यानं ब्रँच सोडवायची, पाइप खांद्यावर टाकायचा आणि यायचं. बाहेर आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारायचो, "काय काय आणलं?" तो एकेक वस्तू दाखवायचा. बरा आहेस का, हे मी नंतर विचारायचो, तेही आठवलं तर.

रसिका बोबडे आमची उपअधिकारी. वर्ध्याची, सव्वीस वर्षांची, नागपूरला रीतसर शिकून सहा महिन्यांपूर्वी आलेली. आली तेव्हा ही पोरगी आता आम्हाला आग शिकवणार का, असं लोक आपसात बोलायचे. शिडीवर ती त्यांच्यापेक्षा दोन पायऱ्या पुढे असायची, त्यामुळे ते बोलणं आपोआप बंद पडलं. त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि एक कागद टेबलावर ठेवला.

"काय हे?"

"कवायतीत बदल, साहेब. शिट्टी वाजली की हातातलं सोडून द्यायचं. मुद्दाम खाली टाकायचं, आवाज होईल असं. बंबावरचं पाणी चालूच ठेवायचं. आणि बाहेर आल्यावर सामानाऐवजी माणसं मोजायची."

"पितळी ब्रँच सिमेंटवर आपटायची? आठवड्यातून दोनदा?"

"त्यासाठी एखादी जुनी वेगळी ठेवू."

"हे पाहा बोबडे, कवायत ती कवायत. खरी आग अंगावर आली की माणूस जीव घेऊन पळतोच. ते कुणाला शिकवावं लागत नाही."

"नाही साहेब." तिचा आवाज चढला नाही, पण ती मागेही सरली नाही. "खऱ्या आगीत कुणी विचार करत नाही. हातानं शंभर वेळा जे केलं असेल, तेच हात एकशे एकाव्या वेळी करतो. खंडारेंचा हात काय करेल, ते आपण आज पाहिलं."

मी दमलो होतो. ही सबब नाही, पण खरं आहे. सव्वीस वर्षं घंटी वाजली की ताटावरून उठायचं, आणि आग विझली की तिच्याबद्दल कागद लिहीत बसायचं. वीस दिवसांवर वार्षिक तपासणी होती. तपासणीला येणारे साहेब पाइप मोजत, ब्रँचवर बोट फिरवून चकाकी बघत आणि गुण देत. माझ्याजवळ अभिमान बाळगावा अशी एकच गोष्ट उरली होती: एवढ्या वर्षांत माझा एकही माणूस आत राहिला नव्हता. रोज तेवढं उशाशी घेऊन मी झोपत होतो. त्यात आता ही मला येऊन सांगत होती की माझी पद्धतच चुकलेली आहे.

"तपासणी होऊ द्या," मी म्हणालो. "मग बघू."

"मग म्हणजे कधी?"

"मग म्हणजे मग."

मी तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. तिथं गेलेला कागद पुन्हा बाहेर येत नाही, हे सगळ्या केंद्राला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. ती सॅल्यूट करून निघून गेली.

त्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला घंटी वाजली. गावाबाहेरच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठींना आग लागली होती.

ज्यांनी गाठींची आग पाहिलेली नाही, त्यांना ती सुरुवातीला काहीच वाटत नाही. ज्वाळा फारशा नसतात. दाबून बांधलेल्या कापसात आग आतल्या आत सरकत जाते, दिसतो फक्त पांढरट धूर. वरून पाणी मारलं तर वरचा थर भिजतो आणि आत निखारा तसाच जागा राहतो. त्यातून भिजलेला कापूस फुगतो. लोखंडी पट्ट्या तटातट तुटतात आणि आठ-आठ गाठींच्या थप्प्या भिंतीला रेटू लागतात. हे मला पाठ होतं. माझ्या माणसांनाही मी हे पाठ करून घेतलं होतं.

गोदामाला दोन दारं होती. मागच्या दारानं रसिका तिची माणसं घेऊन कामाला लागली. पुढच्या दारानं खंडारे आणि त्याचा जोडीदार वामन आत गेले. मी पुढच्या दारापासून वीस पावलांवर उभा होतो, शिट्टी गळ्यात. पंधरा-वीस मिनिटं काम चांगलं चाललं. मग आतून पहिली पट्टी तुटल्याचा आवाज आला. लगेच दुसरा. मी भिंतीकडे पाहिलं. छताखाली तिला एक उभी चीर पडली होती, आणि मी बघत असतानाच ती रुंद झाली.

मी तीन लांब शिट्ट्या दिल्या.

मागच्या बाजूची माणसं बाहेर पडली. पुढच्या दारातून वामन खोकत, अडखळत आला. बंबावरच्या माणसानं मी शिकवल्याप्रमाणे पाणी बंद केलं. जमिनीवरचा ताठ पाइप माझ्या पायाशी सैल पडला.

"खंडारे कुठाय?"

"माघंच हायेत सायेब. येऊनच राह्यले."

वाऱ्यानं धूर जरासा बाजूला झाला, आणि दाराच्या आत सात-आठ पावलांवर मला खंडारे दिसला. तो वाकला होता. गुडघा टेकून त्यानं पाइपची कळ दाबली, ब्रँच सोडवली, काखेत मारली आणि पाइप गुंडाळायला घेतला. पहिला वळसा. दुसरा वळसा. अगदी मैदानावरच्यासारखं, शांतपणे, नीटनेटकं. त्याला दार दिसत होतं. मीही दिसत होतो. कारण त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हात उचलला. आलोच, असा.

मला ओरडायचं होतं, टाक ते. माझ्या तोंडून पुन्हा शिट्टीच वाजली. आणि शिट्टी ऐकून त्याचा हात आणखी भराभर पाइप गुंडाळायला लागला.

मग भिंत बाहेरच्या बाजूला गेली आणि थप्पी आतल्या बाजूला आली.

रसिका मागच्या बाजूनं धावत येऊन सगळ्यांच्या आधी आत शिरली. पाणी चालू करा, म्हणून ती ओरडली, आणि पाणी चालू झालं. सहा माणसांनी आकड्यांनी गाठी ओढल्या. खंडाऱ्याला काढायला पाव तास लागला. जिवंत होता. उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता. त्याला स्ट्रेचरवर घेताना काखेतून काहीतरी घरंगळलं आणि दगडावर वाजलं. तीन नंबरची ब्रँच होती. चकचकीत.

दवाखान्यात पाचव्या दिवशी त्याला बोलता यायला लागलं. मी स्टूल ओढून बसलो. त्याच्या बायकोनं, सुमनबाईंनी, माझ्यासाठी चहा सांगितला. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सायेब, ब्रँच भेटली का?" त्यानं विचारलं.

"भेटली."

"मंग बरं झालं."

मला त्याच्याकडे पाहवेना. मी खिडकीकडे पाहत विचारलं, "खंडारे, शिट्टी ऐकली होती ना?"

"आयकली ना. काहून नाई आयकनार? पन तुमी समोरच उभे व्हते. म्हटलं, रिकामा बाहेर गेलो त सायेब काय म्हनतीन?" मग हळूच म्हणाला, "चौकशी लागली म्हनते वामन. तुमी काई फिकर नोका करू. मी सांगतो, खंडाऱ्यानं शिट्टी आयकली, पन थोच आला नाई. माही चूक. तुमच्यावर काहून येऊ द्यायचं? फकस्त मले दलातच राहू द्याजा सायेब. घरी बसून मी काय करू? बसल्या जागी फोन घेईन, ब्रँचा घासीन. पन घरी नोका बसवू."

त्याला कळलं नव्हतं, पण मला कळत होतं. स्वतःची चूक म्हणून लिहून दिली की दलाचं दार त्याला कायमचं बंद. माझी मान सोडवायला तो स्वतःची मान पुढे करत होता, आणि वर नोकरीही मागत होता. मी चहा तसाच ठेवून उठलो.

चौकशीचे साहेब वाईट नव्हते. चष्मा पुसत पुसत प्रश्न विचारत होते. त्यांच्या टेबलावर आणखी पाच चौकशा पडलेल्या होत्या आणि त्यांनाही घरी जायचं होतं. रसिकाची साक्ष आधीच झाली होती. ती बाजूच्या बाकावर बसली होती. तिनं आपल्या कागदाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, हे मला त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून समजलं.

"शिट्टी तुम्ही वाजवली?"

"हो."

"किती?"

"तीन लांब."

"त्याला ऐकू गेली?"

"गेली. तो स्वतःच सांगतो."

"म्हणजे आदेश ऐकूनही पाळला नाही. सरळ प्रकरण आहे." त्यांनी टाइप केलेला कागद माझ्याकडे फिरवला. "तुमच्या बाजूनं काही कसूर दिसत नाही. इथं सही करा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते इतकं सोपं असतं, हे मला त्या दिवशी समजलं. सगळं खरं होतं. शिट्टी वाजली होती, त्यानं ऐकली होती, तो आला नव्हता. एक सही केली की मला घरी जाऊन झोपता आलं असतं. मी किती दमलो होतो ते कुणाला कसं सांगू? मी पेन उचललंही. तेवढ्यात बाकावर बसलेल्या रसिकाकडे नजर गेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. आपल्या हातांकडे बघत होती. गाठी ओढताना तिची बोटं फाटली होती, त्यांवर अजून पट्ट्या होत्या.

मी पेन खाली ठेवलं आणि खिशातून कागद काढला. त्या सकाळी केंद्रातून निघताना टेबलावरची काच उचलून तो घेतला होता. का घेतला, तेव्हा माझं मलाच सांगता आलं नसतं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"आगीच्या नऊ दिवस आधीचा अर्ज आहे. शिट्टी वाजली की सामान टाकून यायला शिकवा, असं या उपअधिकाऱ्यांनी मला लिहून दिलं होतं. मी तपासणीनंतर बघू म्हणालो."

"त्याचा इथं काय संबंध?"

"साहेब, खंडाऱ्यानं आदेश मोडला नाही. त्यानं आदेश पाळला. तो आदेश माझा होता. अकरा वर्षं, आठवड्यातून दोनदा, मी त्याला शिट्टी वाजल्यावर पाइप गुंडाळायला शिकवलं. त्या दिवशी मी बाहेरून बोलावत होतो आणि त्याच्या हातात बसलेला मीच त्याला आत थांबवत होतो. त्यानं हातातल्याचं ऐकलं."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "असं लिहून दिल्यावर तुमचं काय होईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. लिहा."

लिहिलं. सही केली. बाहेर आल्यावर रसिका जिन्यात थांबली होती. "साहेब," ती म्हणाली. दोघं बरोबरच जिना उतरलो.

माझ्याकडून केंद्राचा कारभार काढून घेतला आणि मला भांडारात बसवलं. नशिबाची थट्टा बघा, तिथं माझं काम काय, तर पाइप आणि ब्रँच मोजायचं. केंद्र रसिकाकडे गेलं. खंडाऱ्याच्या कागदावर 'कर्तव्य बजावताना' असं लिहिलं गेलं, आणि सात महिन्यांनी, लाकडी पायाची सवय झाल्यावर, तो दलात परत आला. तिनं त्याला फोनवर बसवलं नाही. मैदानात खुर्ची टाकून दिली आणि गळ्यात शिट्टी घातली. कवायत आता तो घेणार होता.

पहिल्या दिवशी मी भांडाराच्या दारातून बघत होतो. शिट्टी वाजली की आतून ब्रँच सिमेंटवर आदळल्याचा ठण्ण आवाज यायचा आणि मोकळ्या हातांनी माणूस धावत बाहेर. बारा सेकंद. चौदा सेकंद. अकरा. प्रत्येक आवाजाला खंडाऱ्याचा चेहरा आक्रसायचा. पितळेवर जीव होता त्याचा. पण बाहेर आलेल्याला तो म्हणायचा, "बेस्ट. नाव सांग." नाव ऐकून तो पाटीवर खूण करायचा. सगळे झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"सायेब, तुमी पन या ना एकडाव."

माझं वय तेव्हा त्रेपन्न. नाही म्हणता आलं असतं. मी बूट चढवले, पाइप घेतला आणि आत शिरलो.

आत काही दिसत नव्हतं. ओल्या पोत्यांचा तो कडू धूर, डोळ्यांत पाणी, हाताला फक्त ब्रँचचं गार पितळ. मला सगळं माहीत होतं. काय करायचं नाही ते मीच तर चौकशीत लिहून दिलं होतं. मी शिट्टीची वाट बघत उभा राहिलो.

तीन लांब शिट्ट्या वाजल्या. मी दाराकडे वळलो आणि निघालो. भराभर, न अडखळता. उजेडात आल्यावर खोकत थांबलो. रसिकानं मान फिरवली होती. मी खाली पाहिलं. ब्रँच माझ्या काखेत होती. कधी सोडवली, कधी काखेत मारली, मला काहीच आठवेना.

खंडारे खुर्चीचा हात धरून उठला. लाकडी पाय सावरत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, हसूही नव्हतं. मी त्याच्या डोळ्यांत पाहायचं टाळत होतो, ते त्यानं टाळू दिलं नाही.

"सायेब," तो म्हणाला, "मेले तुमी. परत जा."

मी परत आत गेलो.